नाव इंडियाचं, कडूपणा कुणाचा?

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालो. राहायला देहूत, माळवाडीला. गळ्यात माळ आहे, त्यामुळे दारूशी संबंध नाही. पण आमचे जावई अमेरिकेत ओरेगनला असतात आणि घराच्या गॅरेजमध्ये चक्क स्वतः बीअर करतात. तिला ‘डबल इंडिया पेल एल’ म्हणतात म्हणे. दिवाळीला आले तेव्हा त्यातल्या हिरव्या गोळ्यांचं एक पाकीट इथेच विसरून गेले. सौभाग्यवतींनी आयुर्वेदिक औषध समजून एक गोळी चावली. रात्रीपर्यंत तोंड कडू होतं. माझ्या शंका अशा : या बीअरला इंडियाचं नाव कसं? आपण पाठवली का ती तिकडे? एवढी कडू का करतात? कडू म्हणजेच कडक का? आणि जावई म्हणतात, ‘बाबा, पुढच्या खेपेस इथेच करून दाखवतो,’ तर करू द्यावं का?

उत्तर : पाच शंका एका दमात विचारल्यात, पण त्यांचा गुंता एकच आहे. नावात इंडिया आहे म्हणून बीअर इथली, कडू आहे म्हणून कडक आणि घरी होते म्हणून सगळीकडे घरी करता येते, असे तीन समज त्यात आहेत. तिन्ही चुकीचे. नावापासून सुरुवात करू.

‘पेल’ म्हणजे फिकट. पूर्वी इंग्लंडात मोड आणलेला सातू लाकडाच्या जाळावर भाजत. तो काळपट व्हायचा आणि त्याला धुराचा वास लागायचा. सतराव्या शतकात दगडी कोळशापासून केलेला कोक भट्टीत आला, आंच ताब्यात राहू लागली आणि सातू फिकट भाजता येऊ लागला. त्याची बीअर ती पेल एल. ‘एल’ ही बीअरची एक जात. यीस्ट साधारण १८ ते २२ अंश सेल्सियसला काम करतं ती एल. त्याहून बऱ्याच थंडीत, ८ ते १३ अंशांना सावकाश आंबते ती लागर. आपल्याकडच्या दुकानांत बाटलीतून जी विकली जाते ती बहुतेक सगळी लागर. तेव्हा जावईबापूंचं पेय आणि इथल्या दुकानातली बीअर ही चुलत भावंडं समजा.

आता इंडिया. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनहून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं येत. परतताना ती मालानं खच्चून भरलेली असत. येताना मात्र बरीच जागा रिकामी राही, म्हणून इकडे येणाऱ्या मालाचं भाडं स्वस्त पडे. जहाजाच्या कप्तानांना स्वतःच्या खात्यावर थोडा व्यापार करायची मुभा होती. ते इथल्या साहेबलोकांसाठी हॅम, चीज, टोप्या, काचसामान आणि पिंपांतून बीअर आणत. लंडनच्या पूर्वेला बो नावाच्या भागात हॉजसन यांची ब्रुअरी होती. ती कंपनीच्या गोदीपासून जवळ, आणि हॉजसन कप्तानांना लांब मुदतीची उधारी देत. अंतर कमी आणि उधारी जास्त, एवढ्या भांडवलावर त्यांनी इथला बाजार काबीज केला. आपल्या किराणा दुकानदारालाही हे गणित पाठ असतं.

इथे एक लोकप्रिय गोष्ट बाजूला करायला हवी. ‘हॉजसननं डोकं चालवून भारताच्या प्रवासात टिकेल अशी नवी बीअर शोधली,’ असं सर्रास सांगितलं जातं. गोष्ट सुबक आहे, पण नवं असं त्यानं काही शोधलं नव्हतं. इंग्लंडात ‘ऑक्टोबर बीअर’ म्हणून एक प्रकार आधीपासून होता. सुगीनंतर ताज्या सातूची कडक, भरपूर हॉप्स घातलेली बीअर करायची आणि तळघरात वर्ष-दोन वर्षं मुरू द्यायची. मोठ्या जमीनदारांच्या घरची ती चीज. हॉजसननं याच धाटणीची पिंपं जहाजावर चढवली. केप ऑफ गुड होपला वळसा, दोनदा विषुववृत्त ओलांडणं, चार ते सहा महिने हेलकावे आणि उकाडा. तळघरात दोन वर्षांत जे मुरायचं ते या घुसळणीत काही महिन्यांत मुरलं, आणि मुंबईच्या धक्क्यावर उतरलेली बीअर लोकांना लंडनपेक्षा छान लागली. हा योगायोग होता. लोणच्याची बरणी उन्हात ठेवली की लवकर मुरते, हे ज्या घरात माहीत आहे त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

‘कडक आणि कडू नसती तर वाटेत नासली असती’ हाही अर्धाच खरा समज. त्याच जहाजांतून पोर्टर नावाची काळी बीअरही सुखरूप येत होती, आणि साध्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला तीच जास्त यायची. पेल एल होती अधिकाऱ्यांच्या आणि मुलकी साहेबांच्या टेबलावर. शिपायाला काळी, साहेबाला गोरी; बीअरमध्येही वर्ण सांभाळला जात होता.

पुढे हॉजसन यांच्या घराण्याला लोभ सुटला. कप्तानांना वगळून सगळा नफा आपणच घ्यावा असं त्यांनी ठरवलं आणि चिडलेल्या व्यापाऱ्यांनी दुसरा माणूस शोधला. १८२० च्या दशकात इंग्लंडच्या मध्यभागातल्या बर्टन गावचे ऑलसॉप आणि पाठोपाठ बास हे मैदानात उतरले. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर. जिप्समच्या पाण्यात हॉप्सचा कडूपणा रेंगाळत नाही, लख्ख लागतो आणि जिभेवरून उतरतो. हॉजसनपेक्षा ही बीअर सरस ठरली. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव छापलेलं सापडतं ते १८२९ च्या ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या एका वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत. म्हणजे ‘इंडिया’ हे बीअरचं गाव नव्हे, पिंपावर लिहिलेला पत्ता आहे. आपण ती पाठवली नाही. ती आपल्याकडे पाठवली गेली.

पत्ता तुमच्यापासून फार लांबचाही नव्हता. देहूरोडहून पुण्याकडची लोकल धरली तर सहावं स्टेशन खडकी. १८१७ च्या लढाईनंतर तिथे इंग्रजांची मोठी छावणी बसली. पुढे एकोणिसाव्या शतकात मीकिन नावाच्या साहेबानं कसौली, सिमल्याच्या जुन्या ब्रुअऱ्या विकत घेतल्या आणि आणखी काही उभ्या केल्या. त्यांतली एक खडकीला होती. बाकीच्या बहुतेक थंड हवेच्या डोंगरांत. कारण उघड आहे : यीस्टला उकाडा सोसत नाही आणि तेव्हा वातानुकूलन नव्हतं. खडकीला थंडी नसली तरी गिऱ्हाईक दाराशी होतं.

आता ती हिरवी गोळी. तो हॉप्स नावाच्या वेलाच्या मादी फुलांचा वाळवून, दळून, दाबून केलेला प्रकार. वेल पाच-सहा मीटर उंच चढतो आणि त्याला हलक्या हिरव्या, खवल्याखवल्यांच्या शंकूसारखी फुलं येतात. खवल्यांच्या बुडाशी पिवळी चिकट पूड असते, तीत सगळी करामत. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात हा वेल गांजाच्याच कुळातला आहे. घाबरू नका, नात्यापलीकडे त्यात काही नाही. हॉप्सनं गांजाची नशा येत नाही. वडाच्या कुळात अंजीरही असतं, म्हणून कोणी वडाची फळं ताटात वाढत नाही.

आपल्याकडे हा वेल का दिसत नाही? त्याला उन्हाळ्यात लांबच लांब दिवस लागतो. ओरेगनमध्ये जूनमधला दिवस साडेपंधरा तासांचा असतो. देहूत सगळ्यांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. दिवस लहान पडला की वेल पुरता वाढायच्या आतच फुलायला लागतो आणि पीक हातभरही येत नाही. भारतात हॉप्सची शेती झाली ती हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात.

तर त्या पिवळ्या पुडीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बीअर करणाऱ्याचं सगळं कसब त्या दोन्ही वेगवेगळ्या काढण्यात आहे. पहिली गोष्ट म्हणजे राळेसारखी आम्लं. ती मुळात पाण्यात फारशी विरघळत नाहीत. पण तासभर उकळली की त्यांच्या रेणूची रचना बदलते, मग ती विरघळतात आणि बीअरला कडूपणा देतात. तासभर उकळूनही त्यांतला चौथा-तिसरा हिस्साच कामी येतो. दुसरी गोष्ट म्हणजे सुगंधी तेलं. त्यांत संत्र्याच्या सालीचा, आंब्याचा, देवदाराचा, गवताचा वास असतो. ही तेलं उकळताना वाफेबरोबर उडून जातात. आता पेच पाहा : कडूपणा हवा तर उकळा, सुगंध हवा तर उकळू नका. यावरचा तोडगा आपल्या स्वयंपाकघरातलाच. आमटीत गोडा मसाला आधी घालतो आणि कोथिंबीर शेवटी, तसे थोडे हॉप्स सुरुवातीला घालून तासभर रटरटवायचे, बरेचसे आंच बंद करताना, आणि उरलेले आंबवणं संपत आल्यावर थंड बीअरमध्ये नुसतेच भिजत टाकायचे. या शेवटच्या हॉप्समुळे कडूपणा जवळजवळ वाढत नाही, वास मात्र घरभर होतो. जावयांच्या गॅरेजमध्ये येतो तो हाच वास.

प्रमाणाचा अंदाज सांगतो. वीस लिटर साध्या लागरला वीस-तीस ग्रॅम हॉप्स पुरतात. डबल इंडिया पेल एलला त्याच वीस लिटरला दोनशे ते तीनशे ग्रॅम. कडूपणा मोजायचं एक माप आहे, एका लिटरमध्ये ती बदललेली आम्लं किती मिलिग्रॅम आहेत ते. साध्या लागरमध्ये हा आकडा दहा-वीसच्या घरात, डबलमध्ये साठ ते शंभर. शंभराच्या वर आकडा गेला तरी जिभेला फरक कळेनासा होतो. पुढची सगळी बढाई लेबलावर.

एवढं सगळं सांगितलं, पण यात अजून नशेचा थेंबही आलेला नाही. हीच गोष्ट लोक विसरतात. कडूपणा हॉप्सचा, कडकपणा सातूचा, आणि या दोहोंची खाती वेगळी. कारल्याचा रस कितीही कडू असला तरी त्यानं झिंग येत नाही.

कडकपणा कसा येतो ते तुमच्या घरातल्याच उदाहरणानं कळेल. नातवासाठी नाचणीचं सत्त्व करताना नाचणी भिजवून मोड आणतात ना? मोड येताना दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात की जी पिठाचं साखरेत रूपांतर करतात. सातूचंही तेच. मोड आणून वाळवलेला सातू म्हणजे मॉल्ट. तो भरडून ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की पिठाची साखर होते आणि गोड काढा मिळतो. तापमान काटेकोर लागतं. दोन-चार अंश वर गेलं तर यीस्टला न पचणारी साखर जास्त राहते. कारखान्यात हीट ट्रीटमेंट पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. हा काढा हॉप्स घालून उकळायचा, निववायचा आणि यीस्ट घालायचं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कर्बवायू सोडतं. साखर जितकी जास्त, तितकी बीअर कडक. वीस लिटर डबलला साडेसहा-सात किलो मॉल्ट लागतो.

किती साखर खाल्ली गेली हे कसं कळतं? गवळ्याचं दूध तपासायचा लॅक्टोमीटर पाहिला असेल. त्याच्याच जातीची काचेची नळी काढ्यात तरंगवतात. सुरुवातीला घनता १.०७५ आणि शेवटी १.०१४ दिसली, तर मधल्या फरकावरून अल्कोहोल सुमारे ८ टक्के निघतं.

मग कडू आणि कडक या दोन गोष्टी याच बीअरमध्ये एकत्र का? कारण मॉल्ट वाढवला की सगळी साखर काही आंबत नाही. मागे गोडसरपणा राहतो आणि बीअर गिळगिळीत लागते. तो कापायला कडू वाढवायचं. कारल्याच्या भाजीत आपण गूळ घालतो, तेच उलट्या बाजूनं. अमेरिकेत ‘डबल’ची सुरुवात म्हणून ज्याचं नाव घेतात त्या विनी सिलुर्झोनं १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आपल्या ब्लाइंड पिग ब्रुअरीत पहिली बीअर केली, तेव्हा भांडी जुनीपुराणी होती. काही चुकलंच तर चव झाकली जावी म्हणून त्यानं मॉल्ट वाढवला आणि हॉप्स दुप्पट घातले. भाजी लागली की तिखट वाढवणारी सुगरण आपल्याला नवी नाही. त्याची सारवासारव पुढे जगभर नावारूपाला आली.

हॉप्सचा आणखी एक खरा गुण नोंदवून ठेवतो. दही विरजणारे आणि इडलीचं पीठ आंबट करणारे जे जिवाणू असतात, त्यांच्या जातीच्या पुष्कळांना हॉप्स वाढू देत नाहीत. यीस्टला मात्र त्रास देत नाहीत. आंबूनही बीअर सहसा आंबट का होत नाही, याचं हे एक मोठं कारण.

राहिली शेवटची शंका : इथे करू द्यावं का? नाही.

उकाड्याचं कारण मी पुढे करत नाही, जरी ते आहे. एप्रिल-मेमध्ये देहूत दुपारी पारा ३८-४० अंशांवर जातो. तेवढ्या उकाड्यात यीस्ट बेफाम होतं आणि डोकं धरायला लावणारी जड अल्कोहोलं तयार करतं. पण एक जुना फ्रिज आणि तापमानाची कळ यांनी ते सुटतं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिननं बीअरला दवाखान्याचा वास येतो, तेही पाणी गाळून टाळता येतं. कायदा मात्र गाळून जात नाही.

१९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार (मूळ नाव मुंबई दारूबंदी कायदा) परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. ‘विकायची नाही, घरच्यापुरती आहे’ असा अपवाद त्यात बीअरसाठी नाही. इथे लोक एक युक्तिवाद करतात : हातभट्टी वाईट, मान्य, पण बीअर कुठे गाळतात? मुद्दा शास्त्र म्हणून बरोबर आहे. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं दगावली ती मिथेनॉलमुळे. नुसत्या सातूच्या आंबवण्यात मिथेनॉल नगण्य तयार होतं, आणि बीअरमध्ये ऊर्ध्वपातन नसल्यानं ते एकवटतही नाही. घरच्या बीअरनं माणूस आंधळा होतो ही भीती खोटी. खरा धोका निराळाच : आंबवणं पुरं व्हायच्या आत बाटलीला बूच लावलं की वायू कोंडतो आणि काचेची बाटली फुटते. पण शास्त्रात फरक आहे म्हणून कायद्यात सूट मिळत नाही. परवान्याविना बीअर आणि परवान्याविना हातभट्टी, दोन्ही गुन्हाच.

जावई तिकडे करतात ते चोरून नव्हे, हेही सांगायला हवं. अमेरिकेतही दारूबंदी उठल्यावर पुष्कळ वर्षं घरी बीअर करायला केंद्रीय कायद्याची मुभा नव्हती. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली तेव्हा ती मिळाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे साडेसातशे लिटर, आणि तीही विकायची नाही. ब्रिटननं घरच्या बीअरवरचा परवाना १९६३ मध्येच काढून टाकला होता. आपल्याकडे वाट उघडली ती घराची नव्हे, हॉटेलाची : राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना घेऊन जागेवरच बीअर करणाऱ्या छोट्या ब्रुअऱ्या. पुण्यात २००९ मध्ये ‘दूलाली’ सुरू झाली, मग इतर आल्या आणि त्यांच्या नळांवर इंडिया पेल एलही आली. जाता जाता, ‘दूलाली’ हा इंग्रजी शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेला. मायदेशी जायच्या जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत कुजत पडलेले गोरे शिपाई चक्रम होत, म्हणून चक्रम माणसाला इंग्रज दूलाली म्हणू लागले. जावयांना हौसच असेल तर पुण्यात जाऊन प्यावी. महाराष्ट्रात बीअरला वयाची अट २१ वर्षांची आहे, आणि अन्नसुरक्षेच्या मानकांनुसार स्ट्राँग बीअर ८ टक्क्यांपर्यंतच. त्यांच्या गॅरेजातली दहा टक्क्यांची असेल तर ती या चौकटीबाहेर.

पाकीट मात्र फेकू नका. तोंड घट्ट बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि एकदा एवढं करून पाहा. दोन पातेल्यांत एकेक लिटर पाणी घ्या. पहिल्यात दोन गोळ्या टाकून मंद आंचेवर तासभर उकळा, आटलेलं पाणी भरून काढा. दुसऱ्यातलं पाणी उकळून गॅस बंद करा, जरा निवलं की दोन गोळ्या टाकून दहा मिनिटं झाकून ठेवा. दोन्ही गाळून चमचाभर चाखा. पहिलं किराईताच्या काढ्यासारखं कडू लागेल, दुसऱ्याला वास जास्त आणि कडूपणा कमी. साखर नाही, यीस्ट नाही, त्यामुळे अल्कोहोल दोन्हींत शून्य. माळेला काही बाधा नाही. उरलेला चोथा झाडाच्या बुंध्याशी पुरा, दारातल्या कुत्र्यापुढे टाकू नका. कुत्र्यांना हॉप्स विषारी असतात.